निळा दोरा

प्रिय बगळे,

पाकीट हातात घेतल्यावर तू आधी ते हलवून बघशील, कारण आत काहीतरी खुळखुळतंय. ते शेवटी उघड. बटणांची डबी आहे, चिकटपट्टी लावून बंद केलेली. लहानपणी प्रत्येक डबी तू आधी उघडायचीस आणि मग विचारायचीस "उघडू का?" म्हणून पहिल्याच ओळीत सांगून ठेवते. आधी पत्र वाच. डबी कुठे पळून जात नाही.

दर रविवारी फोनवर तासभर तोंड चालवणाऱ्या बाईला एकदम पत्राची हौस कुठून आली, असं वाटेल तुला. हौस कसली गं. गेले दोन रविवार मी हेच बोलायचं ठरवून बसले होते आणि दोन्ही वेळा तुला स्वयंपाकघरातल्या नळाची गळती, शेजारणीचं मांजर आणि माझा उजवा गुडघा ऐकवून फोन ठेवला. माझी जीभ तुला माहीत आहे, नको तिथे वळवळते आणि हवी तिथे टाळूला चिकटते. कागदावर निदान तू मध्येच "बरं, जेवलीस का?" असं विचारून मला सोडवू शकत नाहीस. हे सगळं वाचून तू माझ्यावर चिडशील. नुसती चिडलीस तर मी स्वतःला नशीबवान समजेन.

बाबांना जाऊन आज सोळा दिवस झाले. तू आली नाहीस. त्यावरून मी तुला एका शब्दानेही बोलले नाही, आणि आल्यागेल्यांना वाटलं, केवढी समजूतदार बाई. समजूतदार वगैरे काही नाही. मला बोलायला तोंडच नव्हतं.

गेला आठवडा मी त्यांची मागची खोली आवरतेय. रायफल क्लबातलं मिस्त्रीचं काम सुटल्यापासून ते तिथेच बसायचे. कुणी शिलाई मशीन आणून टाकायचं, कुणी गंजलेलं कुलूप, कुणी भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ, आणि हे त्याचं पोट फाडून बसायचे. स्क्रूच्या डब्या अजून मापाप्रमाणे लावलेल्या आहेत. तीन घड्याळं दुरुस्त होऊन न्यायची राहिली होती, तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत टिकटिकत होती. परवा एक बाई आपलं शिलाई मशीन न्यायला आली, चाक फिरवून म्हणाली, "अगबाई, किती हलकं चालतंय!" मला तिचा इतका राग आला की मी तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. बिचारीने काय केलं होतं? पण ज्या हाताची साऱ्या गावाने तारीफ करायला हवी होती, त्या हाताची तारीफ एक परकी बाई करत होती आणि तीही माणूस गेल्यावर.

कपाटाच्या सगळ्यात खालच्या फळीवर त्या पाच बरण्या सापडल्या. तू विसरली असशील असं मला वाटत नाही. शाळा सुटली की तू तडक क्लबात जायचीस आणि बाबांच्या मेजाशी त्या उंच स्टुलावर एक पाय दुमडून तासन् तास हलायची नाहीस. बगळी हे नाव तिथेच पडलं तुला. रेंजवर जी काडतुसं वाजली नाहीत ती सगळी बाबांकडे यायची. ते शिशाची गोळी उपटायचे, दारू ओतून टाकायचे, रिकामं पितळ तेलात बुडवायचे आणि मग तुझ्यापुढे भिंग सरकवून विचारायचे, "सांग, हे का नाही वाजलं?" मोठ्या काडतुसाच्या बुडाला मधोमध टोपी असते, या बारक्याला ती नसते. याचा पेटवायचा मसाला बुडाच्या कडेत आतून गोल पसरलेला, आणि बंदुकीची पिन येऊन बसते ती कडेवरच. म्हणून कडेवरची खूण वाचता आली की काडतूस सगळं सांगतं. खूण उथळ असेल तर पिनमागची स्प्रिंग थकलेली, नाहीतर थंडीत वंगण घट्ट झालेलं, ते "स्प्रिंग"च्या बरणीत. नळीत काजळी साचली की काडतूस पुरतं आत बसत नाही आणि पिनचा सगळा जोर त्याला आत ढकलण्यातच जातो, ते "मळ". हिरवट, बुळबुळीत झालेलं ते "तेल". खूण खोल आणि स्वच्छ, पिनने आपलं काम चोख केलेलं, तरी काडतूस मुकं, तर त्या जागी आत मसालाच नाही, ते "मसाला". आणि पाचवी बरणी "माणूस": काडतूस भरून मागचा बोल्ट अर्धाच लावला, काडतूस खाली पडलं ते पुसून पुन्हा भरलं, खिशात राहून धुण्यात गेलं. ही बरणी कायम काठोकाठ असायची. मसाल्याची सगळ्यात रिकामी, आणि बाबा ती उचलून तुला दाखवायचे, "बघ, आईचा हात!"

आईचा हात. मी एकोणीस वर्षं काडतुसांच्या कारखान्यात, मसाला भरायच्या ओल्या खोलीत काढली. मुलांना तिथे मज्जाव, त्यामुळे तुला ती खोली माझ्या पिवळ्या पडलेल्या नखांवरूनच ठाऊक. तो मसाला ओला असेपर्यंत गरीब गाय असतो, वाळला की नुसत्या घासण्याने भडकतो. म्हणून जमीन ओली, भिंती ओल्या, पायात रबरी बूट आणि केसांत लोखंडी पीनसुद्धा चालायची नाही. काम सांगायला सोपं. शंभर भोकांची पाटी असते, तिच्यावर ओला मसाला रबराने दाबून भरायचा, पाटी काडतुसांच्या शंभर रिकाम्या पितळी नळ्यांच्या ट्रेवर धरून ठोकायची, की प्रत्येक नळीत एकेक कण पडतो. मग ट्रे फिरकीवर. फिरकी गरगर फिरली की मसाला उसळून कडेत जाऊन बसतो. पण हे सगळं भराभर व्हायला हवं. भरलेली पाटी पाच-दहा मिनिटं जरी उघडी राहिली तरी कण वरून सुकतात, कडेत नीट वाहत नाहीत, आणि कुठेतरी एका बाजूला कड कोरडी राहते. बाहेरून काही कळत नाही. म्हणून भिंतीवर तांबड्या अक्षरांत लिहिलेलं होतं: थांबलेली पाटी पाण्यात. दाराशी टब असायचा. पाटी बुडवायची, वहीत वेळ आणि कारण लिहायचं, सुपरवायझर चष्म्यावरून बघायचे, संपलं. पाटी बुडवली म्हणून कुणाला कधी कुणी घरी बसवलं नाही. मी स्वतः कितीतरी वेळा बुडवली होती.

आणि "आईच्या हातची दहा" ही तुझीच कल्पना होती, आठवतं? तेरा वर्षांची होतीस. इतर वेळी क्लबाची काडतुसं, पण स्पर्धेतल्या शेवटच्या दहा आईने भरलेल्या. मला इतकं भरून आलं होतं की कारखान्याचे नियम मी चुलीत घातले. खरं तर सगळ्यांचे ट्रे पुढे एकत्र मिसळायचे आणि त्यातून डबे भरायचे. मी माझ्या एका ट्रेच्या चिठ्ठीला निळा दोरा बांधायची. तो ट्रे वाळवणीतून, भरणीतून फिरत फिरत पॅकिंगला पोहोचला की तिथली आपली चष्मेवाली मावशी दोरा बघून त्यातल्या पन्नास बाजूला काढायची, कुणाला न कळता. चार वर्षं असे डबे आले आणि चार वर्षांत एकदाही दगा झाला नाही. तू मैदानात उतरायच्या आधी त्या डब्यावर बोट टेकवायचीस, मी वर गॅलरीतून बघायची.

संघाच्या त्या निवड-स्पर्धेच्या आधी तीन आठवडे तुझा फोटो पेपरात आला. तो पेपर सुपरवायझरांच्या खिडकीत लावलेला होता. मी नुकतीच पाटी भरली होती, ट्रेला निळा दोरा सकाळीच बांधून ठेवला होता, आणि कुणीतरी हाक मारली, "अगं, ये की, तुझी लेक बघ!" मी गेले. हात न धुता गेले. तिथे मी काय काय सांगितलं असेल ते तू कल्पना करू शकतेस. तू पाळण्यातही कशी टक लावून बघायचीस इथपासून सुरुवात. बाया हसत होत्या, मी फुलत होते. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाले, "हिच्या हाताला चूक माहीत नाही, तेच मुलीत उतरलंय." परत आले तेव्हा पाव तास होऊन गेला होता. पाटीवरचा मसाला कडेकडेने फिकट पडला होता.

टब चार पावलांवर होता, बगळे. चार पावलं. पण वहीत कारण काय लिहिणार होते? बढाया मारत उभी होते म्हणून? आणि तेही चूक माहीत नसलेला हात असं जिच्याबद्दल आत्ताच म्हटलं गेलं तिने? मी बोटं पाण्यात बुडवली, पाटीवरून एक ओला हात फिरवला, ठोकली आणि ट्रे फिरकीवर चढवला. वरून सगळं ओलंगच्च दिसत होतं. दोन मिनिटांचं काम. पुढचे चार दिवस तो ट्रे वाळवणीच्या खोलीत होता आणि मी रोज त्याच्या समोरून जात होते. दोरा सोडून दुसऱ्या ट्रेला बांधला असता तरी चाललं असतं. पण दोरा सोडणं म्हणजे मनाशी मान्य करणं की काहीतरी बिघडलंय, आणि मी मान्य करायला तयार नव्हते. वाटलं, होतं काय एवढं! ओली तर होती.

डबा घरी आला. बाबांनी नेहमीप्रमाणे त्यातल्या पाच रेंजवर उडवून बघितल्या. पाचही वाजल्या. ते संध्याकाळी येऊन म्हणाले, "पाच्या पाच!" आणि मी इतकी मोठ्याने हसले की ते बघतच राहिले. मला वाटलं, सुटले. पाच वाजल्या म्हणजे सगळ्याच वाजतील. इतकी वर्षं ते काम केलेल्या बाईने हा हिशेब करावा! पिन कडेच्या ज्या जागी बसते तिथे मसाला असेल तर वाजतंच ते, बाकी कड कोरडी का असेना. भरताना काडतूस कुठल्या अंगावर फिरून बसतं हे कुणाच्या हातात असतं?

त्या दिवसाचं मी तुला काय सांगू? तुझ्या शेवटच्या दहा. पहिल्या पाच अशा गेल्या की तुझे नेमबाजीचे सर पाय हलवायचे थांबले. सहावीला नुसतं टिक झालं. तू शिकवल्याप्रमाणे नळी समोर धरून ठेवलीस आणि तीस मोजलेस. काडतूस उशिरानेही पेटू शकतं, बोल्ट घाईने उघडायचा नाही, हे बाबांनी तुला घोटून घोटून शिकवलं होतं. एवढ्या लांबून मला तुझे ओठ हलताना दिसत होते. पंचांनी काडतुसावर पिनची खूण बघितली आणि पुन्हा मारायची परवानगी दिली. एक मिसफायर माफ, दुसऱ्याला शून्य. सातवी गेली, आठवी गेली. नववीला पुन्हा टिक. तू पुन्हा तीस मोजलेस. त्या वेळी मोजून काही उपयोग नाही हे तुला माहीत होतं, तरी मोजलेस, आणि मी वर उभी राहून तुझ्याबरोबर मोजत होते. दोघींची नावं निवडली गेली आणि तू तिसरी आलीस.

नंतरचं तू बघितलंस, पण अर्धंच. सरांनी आधी बाबांना धरलं, कारण दोनच आठवड्यांपूर्वी बाबांनी तुझ्या रायफलीची स्प्रिंग बदलली होती. बाबांनी दोन्ही काडतुसं हातात घेतली, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं. एक पाहिलं, दुसरं पाहिलं. मग त्यांनी मान वर केली आणि गॅलरीत मला शोधलं. मी काही लपवायच्या स्थितीत नव्हते, सगळं चेहऱ्यावर असणार. त्यांनी काडतुसं खिशात टाकली आणि म्हणाले, "स्प्रिंग माझीच कमी पडली." इतकं साधं म्हणाले, जसं भाजीत मीठ कमी पडलं. तू त्यांच्याकडे बघून जे बोललीस ते मी इथे लिहीत नाही. तुला पाठ असेल. त्यांनाही पाठ होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते क्लबाच्या किल्ल्या परत करायला निघाले तेव्हा मीही मागोमाग गेले. त्यांनी मेजावर ती दोन काडतुसं ठेवली, गोळ्या उपटल्या, दारू ओतून टाकली. मग तुझीच रायफल घेतली, तीच स्प्रिंग, एक रिकामं काडतूस अर्धं फिरवून आत ठेवलं आणि घोडा दाबला. टप् करून वाजलं. दुसरं फिरवून ठेवलं. तेही वाजलं. तेव्हा मी खाली जमिनीवर बसले आणि पाटीचं, पेपराचं, ओल्या हाताचं सगळं सांगितलं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता बगळीला सांगते. ते म्हणाले, "सांगितलंस तर सर तक्रार करतील, कारखाना लॉट उघडेल, चिठ्ठीवर तुझा नंबर निघेल. तू जाशील आणि तुझ्यापाठोपाठ ती चष्मेवाली जाईल, तिचा काय दोष?" मी म्हटलं, जाऊ दे. मग ते म्हणाले, "पोरीच्या हातून सगळं गेलंय. आई तरी राहू दे तिला. बापावर रागावता येतं माणसाला, सगळेच रागावतात. माझं मी बघतो." मी कबूल झाले. खरं सांगू? मला कबूल व्हायला फार वेळ लागला नाही. आतून मला बरं वाटलं. हे मी आजपर्यंत कुणापुढे बोललेले नाही.

त्यांचं त्यांनी कसं बघितलं ते ऐक. ज्याची स्प्रिंग निवडीच्या दिवशी कमी पडते अशा मिस्त्रीच्या हातात कोण रायफल देणार? महिन्याभरात क्लबाने नवा माणूस घेतला. तू घर सोडलंस, मग देश सोडलास, चष्म्याच्या दुकानात लोकांना अक्षरं वाचायला लावायला लागलीस, पुन्हा रायफलीला हात लावला नाहीस. अकरा वर्षं तू दर रविवारी फोन करत आलीस आणि अकरा वर्षं तो आधी बाबांनी उचलला. तुला वाटायचं, मी कामात असते म्हणून. मी शेजारीच असायचे गं. ते दहा मिनिटं आधीपासून फोनजवळ खुर्ची ओढून बसायचे. उचलून काही बोलायचे नाहीत, नुसता श्वास. मग तू म्हणायचीस, "आईला द्या." पूर्वी त्यांना "अरे बाबा" म्हणणारी तू. तेवढे दोन शब्द ऐकून ते फोन माझ्या हातात द्यायचे आणि मागच्या खोलीत जाताना म्हणायचे, "आवाज बरा वाटतोय आज," किंवा "सर्दी झालीय वाटतं तिला." दोन शब्दांवरून त्यांना कळायचं. आणि मी तासभर तुझ्याशी गप्पा मारायचे, तुझं दुःख ऐकायचे, तुला समजावायचे की बाबांना माफ कर. हो, हेही मी केलंय. मोठ्या मनाची आई.

मी निवृत्त झाले तेव्हा वाटलं होतं, आता सांगायला हरकत नाही. नोकरी संपली, मावशीही कधीच सुटली, आता कसली भीती? पण तोवर इतकी वर्षं झाली होती की मूळ चुकीपेक्षा गप्प राहणंच मोठं झालं होतं. दर वर्षी ते वाढत गेलं आणि दर वर्षी मी म्हटलं, पुढच्या वर्षी. बाबांनी एकदाही आठवण करून दिली नाही. त्यांनी कधी टोमणा मारला असता, तर मला सोसलं असतं. त्या ट्रेमधल्या बाकीच्या पन्नासांचा विषय मात्र ते अधूनमधून काढायचे. "कुठे गेल्या असतील गं?" असं घड्याळ उघडता उघडता म्हणायचे.

दवाखान्यात ते सहा दिवस होते. तुला मी फोनवर म्हटलं, बाबांना बरं नाही, आणि तू म्हणालीस, "कळवत राहा." त्या क्षणी एक वाक्य बोलले असते तर तू मिळेल त्या विमानाने आली असतीस, मला खात्री आहे. मी बोलले नाही. मला वाटलं, ते बरे होतील, मग बघू. पाचव्या दिवशी त्यांनी विचारलं, "आज वार कोणता?" मी म्हटलं, शुक्रवार. "मग परवा," म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. शनिवारी दुपारी गेले.

आता त्या डबीचं. मला वाटत होतं, ती दोन काडतुसं त्यांनी तेव्हाच फेकून दिली. परवा बरण्या रिकाम्या करायला घेतल्या, तर "मसाला"च्या बरणीत ती नव्हती, "स्प्रिंग"च्या नव्हती. "माणूस"च्या बरणीत सगळ्यात तळाशी होती, दोन्ही एका निळ्या दोऱ्याने एकत्र बांधलेली. तो दोरा कुठला ते मी ओळखलं. कुठल्या माणसाला धरून त्यांनी ती तिथे टाकली, मला की स्वतःला, ते मला सांगता येत नाही आणि आता कुणाला विचारता येत नाही. मी ती पुसून डबीत घातली आहेत. तुझ्या दुकानात चांगलं भिंग असेल. प्रत्येकाच्या कडेवर समोरासमोर दोन खुणा दिसतील. एक त्या दिवशीची, न वाजलेली. दुसरी दुसऱ्या दिवशी सकाळची, वाजलेली. दोन्हींची खोली बघ. बाबांनी शिकवलंय तसं बघ. एकसारखी आहे, स्वच्छ आणि खोल. त्यांच्या स्प्रिंगला काहीही झालेलं नव्हतं.

आणि हे आत्ताच का लिहितेय, तेही सांगून टाकते. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, ठरल्या वेळी फोन वाजला. घरात माणसं होती, तरी मी जाऊन त्यांच्या खुर्चीत बसले आणि उचलला. काय बोलायचं ते ठरेपर्यंत फोन नुसताच कानाशी धरून ठेवला. तुला नुसता श्वास ऐकू आला असणार. आणि बाबा गेल्याचं ठाऊक असूनही तू सवयीने म्हणालीस, "आईला द्या." मग तुझी तूच गप्प झालीस. बऱ्याच वेळाने मी म्हटलं, मीच आहे, आणि तू म्हणालीस, "हं. जेवलीस का?" आपण दोघींनी ते तिथेच पुरून टाकलं. पण मला ते पुरता येत नाही, बगळे. अकरा वर्षं दर रविवारी तू त्यांच्याकडे आई मागितलीस, आणि दर रविवारी त्यांनी तुला ती दिली, पुसून, स्वच्छ करून, एकही डाग न ठेवता. आता द्यायला ते नाहीत. म्हणून जी आहे तीच पाठवतेय. येत्या रविवारी मी फोनजवळ बसणार आहे. वाजला नाही तरी बसेन.

तुझीच, अजून म्हणवून घेता येत असेल तर,
आई